नागभीडची छोटी गाडी इंग्रजांची नव्हती हो!

नागपूरच्या इतवारी स्टेशनापासून नागभीडपर्यंतची छोटी लाईन शेवटपर्यंत इंग्रज कंपनीच्या मालकीची होती, तिकिटाचा पैसा लंडनला जायचा, ही कथा नागपुरात पानठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकू येते. खरं नाही ते.

घोळ झाला तो शकुंतलेमुळे. पूर्वी मूर्तिजापूर-यवतमाळ धावणाऱ्या त्या गाडीची लाईन स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडे राहिली. दोन्ही लाईनी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या, आणि दोन्ही विदर्भातल्या. लोकांनी एकीची गोष्ट दुसरीला चिकटवली.

आपली लाईन १९०८ची, बंगाल नागपूर रेल्वेची. ती कंपनी इंग्रजांची, हे खरंच. पण १९४४ साली सरकारनं तिचा कारभार ताब्यात घेतला. पुढे दक्षिण पूर्व आणि २००३पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. म्हणजे कुही, उमरेड, भिवापूरच्या तिकिटाचा पैसा सरकारच्याच गल्ल्यात.

आणि हिला 'मीटरगेज' म्हणणंही सोडा, तिथे रुळांत एक मीटर अंतर असतं. हिच्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे एक लांब ढांग! ब्रॉडगेजचं १६७६. गेज बदलण्यासाठी नोव्हेंबर २०१९मध्ये गाडी थांबली. ते बुटके डबे, ती इंजिनं बघायची असतील तर नागपुरातल्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय गाठा.