न्यूपोर्टच्या भिंतीवरून उतरलेलं नाव

जुलै २०२४ मध्ये विजय अमृतराज आणि लिअँडर पेस अमेरिकेतल्या न्यूपोर्ट इथल्या आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. पेसचं घराणं मूळचं गोव्याचं, त्यामुळे गोवेकरांनाही तो दिवस आपला वाटावा असाच होता. त्याच हॉल ऑफ फेममधून आठ वर्षांपूर्वी एका खेळाडूचं नाव कायमचं काढून टाकण्यात आलं होतं. त्या खेळाडूचं नाव बॉब ह्युइट. खेळाडू पुढे न्यायालयात दोषी ठरला तर त्याचे मानसन्मान काढून घ्यावेत का, या वादात ह्युइटचं प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

ह्युइट मूळचा ऑस्ट्रेलियाचा, नंतर दक्षिण आफ्रिकेकडून खेळला. दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून त्याच्या नावावर १५ ग्रँड स्लॅम विजेतेपदं आहेत. १९७४ मध्ये डेव्हिस चषक जिंकणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या संघात तो होता. तो अंतिम सामना खरं तर झालाच नाही. समोर भारत होता आणि वर्णद्वेषी राजवटीच्या संघाशी खेळायला भारताने नकार दिला. विजय आणि आनंद अमृतराज तेव्हा भरात होते, चषक हाताशी आलेला होता, तरीही भारताने तो सोडून दिला.

१९९२ मध्ये ह्युइटला हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. त्याआधीची काही वर्षं तो लहान मुलींना टेनिस शिकवत होता आणि त्यांतल्या काहींवर त्याने अत्याचार केले होते. पुढे या मुली मोठ्या झाल्या आणि बोलू लागल्या. २०११ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राने त्यांच्या हकिगती छापल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये हॉल ऑफ फेमने त्याला बेमुदत निलंबित केलं आणि त्याच्या नावाची पाटी उतरवली. मार्च २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या न्यायालयाने त्याला बलात्काराच्या दोन आणि लैंगिक हल्ल्याच्या एका आरोपात दोषी ठरवलं, मे महिन्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०१६ मध्ये त्याची कायमची हकालपट्टी झाली. अशी वेळ त्या संस्थेवर पहिल्यांदाच आली होती.

या घटनाक्रमात एक गोष्ट नीट पाहायला हवी. आरोप झाले तेव्हा निलंबन झालं, हकालपट्टी मात्र निकालानंतर झाली. आणि ती १५ विजेतेपदं? ती आजही नोंदीत आहेत. विम्बल्डनच्या पुरुष दुहेरीच्या विजेत्यांच्या यादीत ह्युइटचं नाव पाच वेळा येतं, त्यांतलं तीन वेळा फ्रू मॅकमिलनसोबत. ती नोंद खोडायची तर मॅकमिलनचं काय करायचं?

लंडनच्या २०१२ च्या पॅरालिम्पिकमधलं ४ गुणिले १०० मीटर रिलेचं सुवर्णपदक असंच अडचणीचं आहे. ते दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियस या धावपटूचं आहे आणि त्याच्यासोबत धावलेल्या तिघांचंही आहे. १४ फेब्रुवारी २०१३ ला पिस्टोरियसने आपली मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प हिला गोळ्या घातल्या, २०१५ च्या अखेरीस तो खुनाचा दोषी ठरला, २०१७ मध्ये त्याची शिक्षा वाढवून १३ वर्षं ५ महिने झाली. त्याची सहाही सुवर्णपदकं कायम आहेत, कारण तो धावला आणि पहिला आला, हे घडलेलं आहे.

खेळाच्या संस्थांनी पदकं काढून घेतली ती बहुतेक वेळा खेळाचे नियम मोडल्याबद्दल. त्यातही चुका झाल्या. अमेरिकेच्या जिम थॉर्पने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकलं. पुढच्याच वर्षी पदकं परत घेतली गेली, कारण त्याआधी तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता आणि तेव्हा ऑलिम्पिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंनाच भाग घेता येई. तक्रारीसाठी ३० दिवसांची मुदत होती, ती उलटून गेलेली होती, तरीही घेतली. १९८२ मध्ये त्याला पुन्हा विजेता मानलं गेलं, तेही सहविजेता म्हणून. एकमेव विजेता अशी नोंद व्हायला २०२२ उजाडलं. थॉर्प १९५३ मध्येच वारला होता.

मुहम्मद अलीची गोष्ट तर घाई करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. एप्रिल १९६७ मध्ये त्याने सैन्यात भरती व्हायला नकार दिला आणि बॉक्सिंगच्या संस्थांनी खटला उभा राहण्याआधीच त्याचं जगज्जेतेपद काढून घेतलं. जूनमध्ये तो दोषी ठरला. चार वर्षांनी, २८ जून १९७१ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा एकमताने रद्द केली. पण ऐन उमेदीतली साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली होती. ती कोण परत देणार?

याच्या अगदी उलट टोकाला कार्लोस मोन्झोन आहे. अर्जेंटिनाचा हा मुष्टियोद्धा बायकोच्या खुनाबद्दल तुरुंगात असतानाच १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये घेतला गेला. त्याचे ठोसे मोठे होते यात वाद नाही. पण मान देण्याचा दिवस निवडणाऱ्यांना त्या बाईची आठवण कशी आली नाही, हे मला समजत नाही.

सरकारी सन्मानांची रीत निराळी आहे. ब्रिटनमध्ये यासाठी एक समितीच आहे आणि तीन महिन्यांहून जास्त कैद झाली की प्रकरण तिच्यापुढे जातं. नऊ वेळा डर्बी जिंकलेला घोडेस्वार लेस्टर पिगॉट १९८७ मध्ये करचुकवेगिरीसाठी तुरुंगात गेला, १९८८ मध्ये त्याचा ओबीई हा किताब गेला. बॉक्सर नसीम हमीदचा एमबीई किताब २००६ मध्ये गेला, तोही धोकादायकपणे गाडी चालवल्याबद्दल कैद झाल्यावर. पिगॉटच्या नऊही डर्बी मात्र कोणी हिरावल्या नाहीत.

मला हाच फरक पटतो. निकाल मैदानाचा असतो, सन्मान देणाऱ्याचा. दिलेला सन्मान परत घेण्याचा हक्क देणाऱ्याला आहे, पण तो न्यायालयाचा निकाल आल्यावर आणि आधी लिहून ठेवलेल्या नियमानेच वापरावा. त्यातही ह्युइटसारख्याच्या बाबतीत मला जराही शंका वाटत नाही. मोठा खेळाडू म्हणूनच आईबापांनी मुली त्याच्या हाती सोपवल्या. ज्या नावाच्या आडून गुन्हा झाला, ते नाव भिंतीवर ठेवणं म्हणजे त्या मुलींना पुन्हा एकदा गप्प करणं.

आपल्याकडे हा प्रश्न मे २०२१ मध्ये एकदम अंगावर आला. दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये एका तरुण मल्लाला मारहाण झाली, त्यात तो दगावला आणि सुशील कुमारला अटक झाली. १९५२ मध्ये हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवल्यावर कुस्तीतलं पुढचं ऑलिम्पिक पदक यायला ५६ वर्षं लागली. २००८ मध्ये बीजिंगमध्ये ते सुशीलने आणलं. लंडनमध्ये रौप्य मिळवलं. खेलरत्न झाला, २०११ मध्ये पद्मश्री झाला. आपल्या तालमींतल्या पोरांनी त्याच्याकडे पाहूनच माती सोडून मॅट धरली. म्हणून ती बातमी इथेही फार लागली.

पद्म पुरस्कार रद्द करून नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार राष्ट्रपतींना आहे. कोणत्या गुन्ह्यासाठी, किती शिक्षेनंतर तो वापरायचा, हे त्या नियमात लिहिलेलं नाही. पद्मश्री काढून घ्या, ही मागणी अटकेच्या दिवसांतच होऊ लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने आरोप निश्चित केले, मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हाही खटला चालूच होता आणि कायद्याच्या लेखी सुशील केवळ आरोपी होता.