मोतीबिंदूचे शलाकाकर्म

डोळ्यातील गढूळ झालेले भिंग बाहेर न काढता, शलाकेने (बारीक सळईने) बाहुलीच्या वाटेतून दूर करून खाली व मागे ढकलून देण्याची जुनी शस्त्रक्रिया. भारतातील तिचे सविस्तर वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, अध्याय १७ मध्ये, कफज लिंगनाशाच्या (कफामुळे दृष्टी जाण्याच्या, म्हणजे मोतीबिंदूच्या) चिकित्सेत येते.

या वर्णनाचा काळ वादग्रस्त आहे. भारतविद्येचे अभ्यासक हर्नले यांनी सुश्रुताचा काळ इ. स. पू. ६०० च्या सुमारास धरला. मात्र उत्तरतंत्र नावाप्रमाणेच पुरवणी असून, त्यातील शालाक्याचे (डोळे, कान, नाक इत्यादींच्या चिकित्सेचे) श्रेय विदेहाधिपती निमीला दिले आहे. संहितेचा प्रतिसंस्कर्ता (ग्रंथ नव्याने संस्कारून मांडणारा) नागार्जुन असल्याचे टीकाकार डल्हण सांगतो. त्यामुळे हा भाग इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. रोमन लेखक सेल्सस यानेही पहिल्या शतकात अशीच क्रिया वर्णिली आहे. कोणी कोणाकडून घेतली याचा निर्णय उपलब्ध पुराव्यावर करता येत नाही.

शलाका आठ अंगुळे लांब, मध्ये सूत गुंडाळलेली, दोन्ही टोकांना कळीच्या आकाराची. तांब्याची, लोखंडाची वा सोन्याची. फार ऊन वा थंडी नसलेल्या काळी रोग्याला बसवून, धरून ठेवून, स्वतःच्या नाकाकडे पाहायला सांगत. डावा डोळा उजव्या हाताने विंधायचा, उजवा डाव्या हाताने. वेध नीट बसला की आवाज होतो आणि पाण्याचा थेंब येतो. मग डोळ्यावर स्त्रीचे दूध शिंपडून शलाकेच्या टोकाने दृष्टिमंडल (बाहुलीचा भाग) खरवडायचे. दृष्टी ‘निरभ्र आकाशातील सूर्यासारखी’ उजळली की काम साधले. पुढे दहा दिवस पथ्य; शस्त्रक्रियेनंतर लगेच शिंक, खोकला, ढेकर, थुंकणे वर्ज्य. वेदनेने कासावीस झालेल्या माणसाला शिंकही आवरायला लावणारा हा बारकावा प्रत्यक्ष अनुभवातूनच आलेला असणार.

खरा वाद एका ओळीवर आहे. दुसऱ्या बाजूची नाकपुडी दाबून, जोराने शिंकरून दृष्टिमंडलातील कफ काढावा, असे मूळ म्हणते. यावरून काहींनी सुश्रुत मोतीबिंदू बाहेर काढीत असे, असा अर्थ लावला. पण छेद घेऊन भिंग बाहेर आणण्याची कृती त्या श्लोकांत नाही. शरीरात उतरलेला कफ नाकावाटे जातो या समजुतीशी ती ओळ सुसंगत आहे. म्हणून ही क्रिया ढकलण्याचीच मानणे योग्य.

चीनमध्ये तांग राजवटीच्या काळात भारतीय नेत्रवैद्य ही कला जाणत. कवी ल्यू यूशी याने एका ब्राह्मण नेत्रवैद्याला उद्देशून कविता लिहिली आहे. यूरोपात इंग्रज नेत्रवैद्य जॉन टेलरने १७५० मध्ये संगीतकार बाख याच्या डोळ्यांवर हेच उपचार केले. बाख त्याच वर्षी वारला. फ्रेंच शल्यविशारद झाक दाव्हिएल याने १७४७ च्या सुमारास भिंग बाहेर काढण्याची पद्धत सुरू केली आणि १७५३ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली.

तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. राजांनी स्वतः शस्त्रक्रिया केल्या असे काही अभ्यासक म्हणतात.

फिरत्या वैद्यांकडून, उत्तरेत ज्यांना सथिये म्हणत, ही क्रिया विसाव्या शतकातही चालू होती. मद्रासच्या नेत्ररुग्णालयाचे रॉबर्ट हेन्री एलियट यांनी अशा रुग्णांचे डोळे तपासून १९१७ मध्ये त्यावर व्याख्याने दिली: पहिल्या दिवसांत दिसू लागे, पण पुढे जंतुसंसर्ग, दाह वा काचबिंदूने अनेकांचा डोळा कायमचा जाई.