गिऱ्हाइकाला शिक्षा केली की धंदा अर्धा होतो?

रामबागेत पोहे खाताना काकांनी परवा पुन्हा तेच ऐकवलं: "स्वीडननं गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवलं आणि वेश्याव्यवसाय अर्ध्यावर आला."

कायदा खरा, १९९९चा. 'अर्धा'ही हवेतला नाही. २०१०च्या सरकारी अहवालात आहे. पण तो आकडा फक्त रस्त्यावर उभ्या राहणाऱ्यांचा. त्याच दहा वर्षांत सौदे मोबाइलवर, इंटरनेटवर ठरू लागले. ते फुटपाथवर उभं राहून कसे मोजणार? राजवाड्यासमोरचे ठेले हटवले की चौक मोकळा दिसतो, कचोरी मागच्या गल्लीत मिळतेच.

उत्तर आयर्लंडनं २०१५मध्ये असाच कायदा आणला. २०१९च्या आढाव्यात मागणी घटल्याचा पुरावा सापडला नाही. मानवी तस्करीचं मोजमाप तर आणखी निसरडं: पोलिसांच्या नोंदी वाढल्या तर गुन्हे वाढले की शोध वाढला? कायदा फुकट गेला असं मी म्हणत नाही, पण काकांचा 'अर्धा' त्यातून निघत नाही.

आणि "आपल्याकडे गिऱ्हाईक मोकळंच" असं म्हणतात, तेही अर्धवट. बाई तस्करीतून आणलेली आहे हे ठाऊक असून जो जातो, त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १४४ लागतं.