लय आणि पट्टी: टेक हाउसच्या जोडणीमागची पार्श्वभूमी

टेपरेकॉर्डरचे सेल उतरत आले की गाणं संथ व्हायचं आणि गाणाऱ्याचा आवाजही बसायचा. काळी चारमध्ये सुरू झालेलं भावगीत पांढरी पाचवर येऊन टेकायचं. लय उतरली की पट्टीही उतरायची. डीजेंच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या कारागिरीचा मोठा भाग ही एक गाठ सांभाळण्यात, आणि पुढे ती सोडवण्यात गेला आहे.

सुरुवात झाली ती लयीपासून. १९७०च्या आसपास न्यूयॉर्कच्या सँक्च्युअरी क्लबात फ्रान्सिस ग्रासो पुढच्या तबकडीचा ठोका हेडफोनवर ऐकून तो चालू तबकडीच्या ठोक्यावर बसवू लागला, म्हणजे नाच तुटायचा नाही. पण त्या तबकड्यांवर ड्रम वाजवणारा हाडामांसाचा माणूस होता. त्याची लय जराशी मागेपुढे व्हायची, त्यामुळे जोड टिकवून धरणं अवघड असे. १९७९मध्ये टेक्निक्स कंपनीने एसएल-१२०० एमके२ हे तबकडी वाजवायचं यंत्र आणलं. त्याच्या सरकत्या दांडीने तबकडीचा वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करता येऊ लागला. मग शिकागोच्या हाउस या क्लबातल्या नाचाच्या संगीतात ड्रम मशीन आली आणि लय घड्याळासारखी पक्की झाली. आता दोन तबकड्या मिनिटभरसुद्धा एकमेकींवर चालू ठेवता येऊ लागल्या.

पट्टीचा प्रश्न खरा पुढे आला तो इथे. चार ठोक्यांच्या जोडीत बेसूरपणा खपून जातो, मिनिटभराच्या जोडीत तो उघडा पडतो.

वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढवला की सूर एका अर्ध्या स्वराने चढतो. मिनिटाला १२४ ठोक्यांची तबकडी १२८वर न्यायची तर वेग सव्वातीन टक्के वाढतो, म्हणजे सूर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडा जास्त चढतो. तो ना मूळ पट्टीत राहतो, ना पुढच्या पट्टीत पोचतो. हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांच्या फटीत अडकलेला सूर तो. पुष्कळ जुने डीजे यावर कागदी उपाय करत नसत, कोणती तबकडी कोणत्या वेगाला कोणाशी जुळते हे ते कानाने लक्षात ठेवत. ही स्मरणशक्ती मला आजही थक्क करते.

टेक हाउस १९९०च्या दशकात, तबकड्यांच्या याच काळात, लंडनमध्ये आकाराला आलं. टेरी फ्रान्सिस, एडी रिचर्ड्स यांच्यासारख्या डीजेंच्या पार्ट्या, मिस्टर सी यांचा १९९५मध्ये उघडलेला द एंड क्लब, नंतर १९९९पासून फॅब्रिक. हाउसचा झोका आणि टेक्नोचा कोरडा कसदारपणा यांचं हे मिश्रण. त्यात सूर कमी, तालवाद्यं जास्त, म्हणून इथे पट्टी बघायची गरज नाही असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. सुरुवातीच्या नुसत्या ड्रमवर काहीही जुळतं, हे खरं. पण बेस आला की हिशेब बदलतो. एका ट्रॅकचा बेस ५५ हर्ट्झवर, म्हणजे पांढरी सहावर, आणि दुसऱ्याचा अर्धा स्वर वर, ५८.३वर असेल, तर दोन्ही मिळून सेकंदाला तीनदा घुमतात. मोठ्या स्पीकरसमोर ते छातीत जाणवतं, आणि किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमचा, ठोका त्यात गढूळ होतो. म्हणूनच एकाचा बेस खाली करत दुसऱ्याचा वर आणायची पद्धत इतकी पक्की रुजली.

त्याच दशकात गोव्यात, अंजुण्याच्या किनाऱ्यावर, वेगळीच वाट होती. तिथल्या ट्रान्स संगीताच्या पार्ट्यांत डॅट टेप, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेट, वाजायच्या. वेग बदलायची सोय नसलेल्या यंत्रांवर ठोका जुळवण्यापेक्षा पुढचं काय लावायचं याची निवड महत्त्वाची असे.

गाठ सुटली ती डिजिटल यंत्रांमुळे. पायोनियरच्या १९९४च्या सीडीजे-५०० या डीजेंच्या सीडी प्लेअरवर मास्टर टेम्पो आला: वेग बदला, सूर जागेवर राहील. सुरुवातीला आवाज थोडा फाटायचा, ड्रमची धार बोथट व्हायची. पण आता ट्रॅकची पट्टी ही ठरलेली गोष्ट झाली, ती लिहून ठेवण्यात अर्थ आला. मार्क डेव्हिस यांचं कॅमेलॉट चक्र याच कामाचं. पाश्चात्त्य संगीतातलं पंचमांचं वर्तुळ त्यांनी घड्याळासारखं १ ते १२ आकड्यांत मांडलं, मायनर (कोमल गंधाराच्या) पट्टीला ए, मेजर (शुद्ध गंधाराच्या) पट्टीला बी. ८एच्या दोन्ही बाजूंना ७ए आणि ९ए, त्याच आकड्यावर बाहेरच्या कड्यात ८बी. ८एवरून ९एवर गेलं तर सातपैकी सहा स्वर तेच राहतात. आपल्याकडे ज्याला षड्ज-पंचम भाव म्हणतात, त्याच नात्यावर हे चक्र फिरतं, त्यामुळे तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला ते परकं वाटत नाही. २००६मध्ये मिक्स्ड इन की हे सॉफ्टवेअर आलं आणि पट्टी ओळखायचं कामही संगणकाने घेतलं.

टेक हाउसमध्ये मात्र ही ओळख अनेकदा चुकते. एकाच स्वरावर ठेका धरणारा बेस आणि बोलल्यासारखा आवाज, एवढंच हाती असलं तर मेजर की मायनर हे सॉफ्टवेअर कशावरून ठरवणार? पडद्यावर ८ए दिसलं तरी दोन्ही बेस हेडफोनवर एकदा एकत्र ऐकून बघावे लागतात.