छेद कुठे उडवायचा, कुठे ठेवायचा: परिमेय समीकरण आणि परिमेय असमानता

ही दोन गणितं शेजारी-शेजारी ठेवून बघा.

(क्ष + ३) / (क्ष − २) = २

(क्ष + ३) / (क्ष − २) > २

फरक फक्त मधल्या खुणेचा. दहावी करून अकरावी सायन्सला आलेली आमच्या नागपुरातली बहुतेक पोरं दोन्हीकडे एकच हत्यार काढतात: तिरकस गुणाकार. पहिल्यात क्ष + ३ = २क्ष − ४, म्हणून क्ष = ७. दुसऱ्यात क्ष + ३ > २क्ष − ४, म्हणून क्ष < ७. पहिलं उत्तर बरोबर आहे. दुसरं चूक, आणि थोडंथोडकं नाही. क्ष च्या जागी ० घाला: ३ भागिले −२, म्हणजे −१.५. हे काही २ पेक्षा मोठं नाही, पण ० तर ७ पेक्षा लहान आहे. खरं उत्तर २ < क्ष < ७ एवढंच. २ आणि त्याच्या डावीकडची अख्खी संख्यारेषा फुकटात उत्तरात घुसली.

"सर, दोन्हीकडे तेच तर करून राहिलो ना जी!" ही तक्रार ठरलेली. आणि ती रास्त आहे. छेदात क्ष आला की तिरकस गुणाकार करायचा, हे दहावीपर्यंत इतकं घोटून घेतलेलं असतं की त्या गुणाकारात नेमकं काय घडतं, ते कोणी विचारतच नाही.

घडतं ते असं. तिरकस गुणाकार म्हणजे दोन्ही बाजूंना छेदाने गुणणं. समीकरणात दोन्ही बाजू सारख्याच आहेत, त्यांना ५ ने गुणा की −५ ने, सारखेपणा टिकतो. अडचण एकच: छेद शून्य असेल तर. असमानतेत मात्र एक बाजू मोठी, एक लहान, आणि ऋण संख्येने गुणलं की मोठी-लहान उलटते. ३ > २ खरं, पण −१ ने गुणलं की −३ < −२. आता क्ष − २ हा धन की ऋण? क्ष माहीतच नाही, तर सांगणार कसं? २ च्या उजवीकडे तो धन, डावीकडे ऋण. म्हणजे खूण काही ठिकाणी तशीच ठेवायला हवी होती, काही ठिकाणी उलटवायला हवी होती. आपण सगळीकडे तशीच ठेवली.

बरोबरची खूण रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली छापली. लहान-मोठ्याच्या खुणा टॉमस हॅरियटच्या, आणि त्या त्याच्या मृत्यूनंतर १६३१ साली छापून आल्या. एका ओळीत बसणाऱ्या या खुणा वयाने तशा लांबच्या आहेत. पुस्तकात मात्र दोन्ही प्रकरणं पाठोपाठ येतात, उदाहरणंही सारखी दिसतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आधी परिमेय फलन म्हणजे काय ते एका वाक्यात उरकू: वर एक बहुपदी, खाली एक बहुपदी, आणि खालची शून्य होते त्या किमती वर्ज्य. या वर्ज्य किमतींचं काय करायचं, यातच समीकरण आणि असमानता यांच्या वाटा वेगळ्या होतात.

समीकरणात वर्ज्य किंमत शेवटी कामाला येते. हे घ्या:

क्ष / (क्ष − २) + १ / (क्ष − ४) = २ / [(क्ष − २)(क्ष − ४)]

सगळ्याला (क्ष − २)(क्ष − ४) ने गुणलं की क्ष(क्ष − ४) + (क्ष − २) = २. आवरलं की क्ष² − ३क्ष − ४ = ०. अवयव (क्ष − ४)(क्ष + १). उत्तरं ४ आणि −१. इथे पेन खाली ठेवणारा अर्धे मार्क घालवतो, कारण ४ घातला की मूळ समीकरणात दोन छेद शून्य होतात. ४ ही वर्गसमीकरणाची उकल आहे, आपल्या समीकरणाची नाही. −१ घालून बघा: डावीकडे १/३ − १/५ = २/१५, उजवीकडे २ / [(−३)(−५)] = २/१५. जमलं. उत्तर फक्त −१.

ही खोटी उकल आली कुठून? आपणच आणली. गुणताना जे शून्य असू शकतं त्याने गुणलं, आणि शून्याने गुणलं की कोणतीही दोन टोकं बरोबर होतात. तरी समीकरणात ते चालतं, कारण छेद उडवल्याने खरी उकल हरवत नाही, फार तर एखादी भलती आत येते. ती शेवटी मूळ समीकरणात घालून पकडता येते. दोन-चार किमती तपासायला असा किती वेळ लागतो?

असमानतेत ही सोय नाही. तिथे चुकीची एखादी किंमत येत नाही, अख्खा पट्टा येतो, आणि कधी खरा पट्टा हातचा जातो. वरच्याच उदाहरणात खूण उलटी करून बघा: (क्ष + ३) / (क्ष − २) < २. तिरकस गुणाकाराने क्ष > ७ मिळेल. पण क्ष = ० ही तर सरळ उकल आहे, आणि ती उत्तरात कुठेच नाही. जे उत्तरात आलंच नाही, ते तपासणीत सापडणार कसं? म्हणून असमानतेत छेद उडवायचा नाही, आणि वर्ज्य किंमत शेवटासाठी न ठेवता पहिल्यांदाच संख्यारेषेवर मांडायची.

रीत अशी. सगळं डावीकडे आणा, उजवीकडे नुसतं शून्य ठेवा:

(क्ष + ३) / (क्ष − २) − २ > ०

एकच अपूर्णांक करा:

(७ − क्ष) / (क्ष − २) > ०

आता प्रश्न आकड्यांचा राहिलाच नाही, चिन्हाचा झाला. अंश शून्य होतो ७ ला, छेद २ ला. हे दोन बिंदू रेषेवर मांडा, तीन तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यातला एक सोयीचा आकडा घ्या. ० घेतला: ७ / (−२), ऋण. ३ घेतला: ४ / १, धन. १० घेतला: −३ / ८, ऋण. आपल्याला धन हवं होतं, म्हणून मधला तुकडा.

एका आकड्यावरून अख्ख्या तुकड्याचा निकाल कसा लावता, असं हुशार पोर विचारतंच. विचारायलाच हवं. परिमेय फलनाला धनातून ऋणात जायचे दोनच मार्ग आहेत: शून्यावरून जाणं, नाहीतर छेद शून्य होतो तिथे तुटून पलीकडे उगवणं. हे दोन्ही प्रकारचे बिंदू आपण आधीच रेषेवर मांडले आहेत. मग दोन बिंदूंच्या मधल्या तुकड्यात चिन्ह बदलायला जागाच उरत नाही. समीकरणातली तपासणी उत्तराची असते, इथली तुकड्याची.

चिन्हांचे तक्ते करताना काही जण धन, ऋण, धन, ऋण असं आलटून-पालटून भरत सुटतात. त्यांच्यासाठी हे एक:

(क्ष − १)²(क्ष + २) / (क्ष − ४) ≤ ०

बिंदू −२, १ आणि ४. आलटून-पालटून भरलं तर फसलात. (क्ष − १)² हा वर्ग, तो कधी ऋण होत नाही, म्हणून १ ओलांडताना चिन्ह बदलत नाही. −२ च्या डावीकडे धन, −२ ते १ ऋण, १ ते ४ पुन्हा ऋणच, ४ नंतर धन. उत्तर −२ ≤ क्ष < ४. −२ ला अंश शून्य, ती किंमत चालते. १ लाही शून्य, चालते. ४ ला छेद शून्य, मग खूण ≤ असली तरी ४ ला चौकोनी कंस (टोकाची किंमत उत्तरात धरल्याची खूण) कधीच लागत नाही. आणि खूण नुसती < असती तर १ वगळावा लागला असता, उत्तराचे दोन तुकडे पडले असते. सीईटीच्या चार पर्यायांमध्ये बहुधा हे दोन्ही शेजारी बसलेले असतात. सीईटीत उणे गुणपद्धत नाही, जेईईत आहे, तिथे हा कंस महाग पडतो.

छेद उडवण्याचा मोह आवरतच नसेल तर एक कायदेशीर वाट आहे: छेदाच्या वर्गाने गुणा. वर्ग ऋण नसतो, त्यामुळे खूण उलटत नाही. (क्ष + ३)(क्ष − २) > २(क्ष − २)² यातून (क्ष − २)(७ − क्ष) > ०, उत्तर तेच. मला स्वतःला ही वाट फारशी आवडत नाही. घात वाढतात, आणि ≥ असेल तर वर्ज्य किंमत हळूच उत्तरात शिरते.

आणखी एक जोडी आहे, तिच्यात दोघांचं वागणं एकसारखं दिसतं. (क्ष² − ९) / (क्ष − ३) मध्ये वरचा अवयव खालच्याशी कटतो आणि क्ष + ३ उरतो. म्हणून (क्ष² − ९) / (क्ष − ३) = ६ याची उकल ३ यायला लागते, पण ३ वर्ज्य, तेव्हा उकलच नाही. आणि (क्ष² − ९) / (क्ष − ३) ≥ ५ चं उत्तर क्ष ≥ २, पण ३ सोडून. कटला म्हणून छेदाचा जुना गुन्हा माफ होत नाही. आलेखात इथे सरळ रेषेला एक छिद्र असतं, (३, ६) या बिंदूपाशी. याउलट १ / (क्ष − ३) चा आलेख ३ जवळ एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली सुसाट जातो, तिथे उभी अनंतस्पर्शी रेषा असते, म्हणजे आलेख जिच्या जवळ-जवळ जातो पण जिला टेकत नाही अशी रेषा. दोन्हीकडे छेद शून्यच, पण एकीकडे अंशही शून्य आणि दुसरीकडे नाही. आपल्याकडे ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य म्हटलं होतं, आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हणून तिला अनंत मानलं. आजचं बीजगणित दोन्ही भागाकार नाकारतं. तरी छिद्र आणि अनंतस्पर्शी रेषा बघितल्या की या दोन कोड्यांमधला फरक डोळ्यांना दिसतो.

आता एक रस्त्यावरचं. समृद्धी महामार्ग नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यातले ६०० किलोमीटर धरू, म्हणजे आकडे सुटसुटीत राहतील. ताशी क्ष किलोमीटरने जाणारी गाडी वेग २० ने वाढवते. नेमका एक तास वाचायला क्ष किती हवा?

६०० / क्ष − ६०० / (क्ष + २०) = १

छेद उडवा, बिनधास्त. १२००० = क्ष(क्ष + २०), म्हणजे क्ष² + २०क्ष − १२००० = ०, अवयव (क्ष − १००)(क्ष + १२०). उकली १०० आणि −१२०. इथे −१२० का टाकायची, याचं कारण नीट लिहा. ती खोटी उकल नाही. घालून बघितली तर −५ + ६ = १, समीकरण तिला मान्य करतं. गाडीचा वेग ऋण नसतो म्हणून आपण ती टाकतो. मघाची ४ छेदाने टाकली होती, ही −१२० प्रश्नाने टाकली. उत्तरपत्रिकेत दोन्हींना 'अमान्य' एवढंच लिहिणाऱ्यांना मी तरी पूर्ण मार्क देत नाही.

आता तोच प्रश्न असमानतेत: किमान एक तास वाचायला हवा.

६०० / क्ष − ६०० / (क्ष + २०) ≥ १

एक अपूर्णांक करून चिन्ह बदललं की (क्ष − १००)(क्ष + १२०) / [क्ष(क्ष + २०)] ≤ ०. बिंदू चार: −१२०, −२०, ० आणि १००. तुकडे पाच, आणि चिन्हं डावीकडून धन, ऋण, धन, ऋण, धन. बीजगणिताचं उत्तर −१२० ≤ क्ष < −२० किंवा ० < क्ष ≤ १००. वेग धन असतो, म्हणून उरतं ० < क्ष ≤ १००.

१०० वरून कारला सपाट भागात असलेल्या १२० च्या मर्यादेपर्यंत गेलात तर ६ तासांचे ५ होतात, वाचला बरोबर एक तास. ४० वरून ६० ला गेलात तर १५ चे १० होतात, वाचले पाच. १०० च्या पुढे मात्र २० वाढवूनही तासभर वाचत नाही.

इथे एखादं पोर म्हणतंच, की क्ष आणि क्ष + २० दोन्ही धन आहेत हे आधीच माहीत आहे, मग सरळ गुणून टाकलं तर काय बिघडलं? काहीच नाही. पहिल्या ओळीत 'क्ष > ०' लिहा आणि खुशाल गुणा. १२००० ≥ क्ष(क्ष + २०), दोन ओळींत क्ष ≤ १०० हाती येतं. ती पहिली ओळ न लिहिता गुणणाऱ्याचं उत्तर −१२० ≤ क्ष ≤ १०० असं येतं, आणि त्यात ० बसलेला असतो: उभी गाडी, ६०० भागिले शून्य.