पेजेची वाटी हातातून का सुटते

आमच्या शेजारच्या वाडीत एक पोर होती, आठ-नऊ वर्षांची. भातकापणी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. आधी शाळेतल्या बाईंनी वहीत शेरा मारला की अक्षर फारच गिचमिड झालंय, लक्ष कुठे असतं. मग घरी पेजेची वाटी हातातून सुटायला लागली, एकदा नाही, दिवसातून तीनतीनदा, आणि आईला वाटलं ही मुद्दाम करतेय म्हणून दोन धपाटेही बसले. आठवड्याभरात खांदा उडायला लागला, तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं, मधेच कारण नसताना रडायची, आणि सगळ्यात विचित्र म्हणजे एकदा झोपली की हे सगळं बंद. आजी म्हणाली, "चेडवाक कायतरी भायरचा लागलाहा." गाऱ्हाणं झालं, नारळ ठेवून झाला. आजीचा राग येत नाही मला, तिला नातीची काळजीच होती, आणि तिच्याकडे जे होतं ते तिने केलं.

मग तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी दोनच गोष्टी करायला सांगितल्या. जीभ बाहेर काढ आणि तशीच ठेव, तर जीभ राहीना, आतबाहेर आतबाहेर. माझी दोन बोटं मुठीत घट्ट धरून ठेव, तर पकड आवळायची, सैल व्हायची, परत आवळायची, गायीचं दूध काढताना हात चालतो ना तसं. मग त्यांनी आईला जे विचारलं ते ऐकून सगळे गोंधळले, "दोन-तीन महिन्यांपूर्वी हिचा घसा दुखत होता का?" हो, गणपतीत दुखत होता, पण तो तर घरातल्या सगळ्यांचाच बसला होता!

या आजाराला सिडनहॅम कोरिया म्हणतात. थॉमस सिडनहॅम या इंग्लिश डॉक्टरने १६८६ मध्ये त्याचं वर्णन करून ठेवलंय, म्हणजे शिवाजी महाराजांना जाऊन सहा वर्षं झाली होती तेव्हा. पण का होतो हे कळायला पुढची तीनशे वर्षं लागली. घसा धरतो तो बऱ्याचदा व्हायरसने, पण काही वेळा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या बॅक्टेरियाने. शरीर त्याच्याशी लढायला अँटिबॉडी बनवतं, आणि या बॅक्टेरियाच्या सालीवरची एक साखर आणि आपल्या मेंदूतल्या पेशींवरचे काही भाग दिसायला इतके सारखे असतात की काही मुलांच्या अँटिबॉडी घसा बरा झाल्यावर मेंदूतल्या पेशींनाच धरतात. मेंदूच्या आत खोल बेसल गँग्लिया नावाचा भाग असतो, हालचालींवर लगाम ठेवणारा, तिथेच त्या चिकटतात हे १९७६ मध्ये दिसलं. २००३ मध्ये अमेरिकेत मॅडलिन कनिंगहॅम यांच्या टीमने दाखवलं की या अँटिबॉडी नुसत्या चिकटत नाहीत, पेशीच्या आतले सिग्नलच चाळवतात. मग लगाम सुटतो आणि हात आपल्या मनाने चालतो. पोरीला आईचे धपाटे पडत होते ते या हातासाठी.

आपल्याच सैन्याने आपल्याच घरावर चाल करायची, याला ऑटोइम्यून म्हणतात. मेंदूच्या बाबतीत असं होऊ शकतं हे माणसाला पहिल्यांदा नीट कळलं ते कुठून, तर कुत्रं चावल्यावरच्या इंजेक्शनांवरून. पोटातली चौदा इंजेक्शनं! चाळिशीच्या वरच्या कुठल्याही कोकणी माणसाला विचारा, स्वतःला नाहीतर वाडीतल्या कोणाला तरी घेताना बघितलेली असतात. ती लस १९११ च्या सुमारास डेव्हिड सेंपल यांनी आपल्या देशात, हिमाचलातल्या कसौलीला तयार केली, आणि ती मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या रेबीजच्या व्हायरसची होती, म्हणजे लशीबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंशही टोचला जायचा. रेबीज झाला तर मरण ठरलेलं, त्यामुळे या लशीने असंख्य जीव वाचवले हे आधी सांगायला हवं. पण थोड्या लोकांना लस घेतल्यावर काही दिवसांत पाय लुळे पडायचे. रेबीजने नव्हे, लशीतल्या त्या मेंढीच्या मेंदूमुळे.

न्यूयॉर्कमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये हेच तपासून बघितलं. माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला, त्यात कुठलाही व्हायरस नाही, तरी काही माकडं लुळी पडली, आणि त्यांच्या मेंदूत नसांवरचं मायलिन, वायरवर प्लॅस्टिक असतं तसं आवरण, जागोजागी सोललं गेलेलं सापडलं. परका मेंदू टोचला तर शरीर त्याच्याविरुद्ध तयार होतं आणि मग स्वतःचा मेंदूही ओळखत नाही. आज मुलांमध्ये अडेम म्हणजे तापानंतर अचानक मेंदूत ठिकठिकाणी सूज येणारा जो आजार दिसतो, किंवा मायलिनवरच्या मॉग नावाच्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी होऊन मुलाची नजर अचानक जाते, त्या सगळ्या अभ्यासाची मुळं या माकडांपर्यंत जातात. (मेंढीच्या मेंदूची ती लस आपल्याकडे २००५ च्या आसपास बंद झाली. आताची रेबीजची लस लॅबमध्ये पेशींवर वाढवतात, दंडात देतात, तिच्यात मेंदूबिंदू काही नसतं, तेव्हा कुत्रं चावलं तर त्याच दिवशी घ्या, जुन्या गोष्टी आठवून थांबू नका.)

आता ज्या आजारामुळे हे सगळं क्षेत्र गेल्या वीस वर्षांत उलटंपालटं झालं तो. अमेरिकेत फिलाडेल्फियाला जोसेप दालमाऊ नावाचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे काही तरुण बायकांच्या केसेस आल्या, आधी भ्रम, संशय, बडबड, मग फिट, मग बेशुद्धी, आणि बहुतेक सगळ्यांच्या बीजांडकोशात एक विशिष्ट गाठ. २००७ मध्ये त्यांनी अशा १२ जणींच्या शरीरातली अँटिबॉडी शोधली, ती मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरला धरत होती, म्हणजे हा एक ऑटोइम्यून मेंदूज्वर. हा रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरची निरोप घेण्याची जागा, आठवण ठेवणं, शिकणं, बोलणं यात त्याचा मोठा हात. मग जगभरातून केसेस यायला लागल्या, गाठ नसलेल्या, पुरुषांच्या आणि मुलांच्या खूप. २०१३ मध्ये ५७७ पेशंटचा अभ्यास आला, सगळ्यात लहान ८ महिन्यांचं बाळ, सगळ्यात मोठा ८५ वर्षांचा, आणि त्यातले २११ जण १८ वर्षांच्या आतले.

मुलांमध्ये हा आजार मोठ्यांसारखा सुरू होत नाही, आणि तिथेच फसगत होते. मोठा माणूस भलतंसलतं बोलायला लागतो. लहान मूल उलट बोलायचंच थांबतं, किंवा दोन-चार शब्दच परत परत म्हणतं, रात्र रात्र झोपत नाही, एवढ्यातेवढ्यावरून आकांडतांडव करतं, तोंड सारखं चघळल्यासारखं हलवतं, हात वळवळतात, आणि पुष्कळदा पहिली दिसते ती फिटच. एमआरआय अनेकदा चक्क नॉर्मल येतो, म्हणून घरचे निश्चिंत होतात आणि दुसरीकडे कोणीतरी म्हणतं मनाचं आहे.

पण या आजारातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट लॅबमध्ये सापडली. अँटिबॉडीला दोन हात असतात, ती दोन दोन रिसेप्टर एकत्र बांधते, आणि मग पेशी ते सगळं बांधलेलं लटांबर आत ओढून घेते, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात ना तसं. पेशीच्या अंगावरचे रिसेप्टर कमी होत जातात आणि मूल हळूहळू आत आत जातं. पण पेशी मरत नाही! अँटिबॉडी कमी झाली की रिसेप्टर परत वर येतात. म्हणूनच महिना महिना आयसीयूत पडलेलं मूल पुन्हा सायकल चालवताना दिसू शकतं. त्या ५७७ जणांपैकी ज्यांचा दोन वर्षांपर्यंत फॉलोअप झाला त्यांच्यातले साधारण ८० टक्के चांगले सावरले होते, आणि उपचार लवकर सुरू झालेल्यांचं जास्त चांगलं झालं. अर्थात सावरायला महिने लागतात, कधी दोन वर्षं, शाळेतलं लक्ष आणि आठवण सगळ्यात शेवटी परत येते.

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं क्नूट नावाचं पांढरं अस्वल आठवतंय का कोणाला, २०११ मध्ये लोकांच्या डोळ्यांसमोर पाण्यात पडून गेलेलं? त्यालाही हाच आजार होता हे २०१५ मध्ये कळलं. माणसाचा म्हणून ओळखलेला आजार अस्वलात सापडला.

आपल्याकडे प्रश्न असा की पावसाळ्यात तापाची रांगच लागलेली असते, डेंग्यू, लेप्टो, मलेरिया, आणि दोडामार्गाकडे २०१६ पासून थंडी-उन्हाळ्यात माकडतापही. ताप आणि फिट म्हटलं की डॉक्टर आधी इन्फेक्शन शोधणार, आणि ते बरोबरच आहे. पण कधी कधी दोन्ही एकामागून एक येतात. हर्पीसच्या व्हायरसने मेंदूज्वर झाला, औषधाने मूल बरं झालं, घरी आलं, आणि काही आठवड्यांनी परत हातपाय वळवळायला लागले, तर दरवेळी व्हायरस परत आला असं नसतं. स्पेनमधल्या डॉक्टरांनी असे ५१ पेशंट पाठोपाठ तपासले, त्यातल्या १४ जणांना हर्पीसनंतर ऑटोइम्यून मेंदूज्वर झाला, २०१८ मध्ये ते छापून आलं.

ऑटोइम्यून मेंदूज्वराच्या निदानासाठी पाठीतलं पाणी काढावं लागतं आणि इथेच अर्धी घरं मागे हटतात, पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. सुई जिथे टोचतात, कमरेच्या मणक्यात, तिथवर मज्जारज्जू पोचलेलाच नसतो, तो वरच संपतो. आणि रक्तात कधी अँटिबॉडी सापडत नाही तेव्हा ती या पाण्यात सापडते, म्हणून ते टाळू नका. सिंधुदुर्गातले लोक गोव्यातल्या बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जातात, रत्नागिरीकडचे कोल्हापूर नाहीतर मुंबई, सॅम्पल मोठ्या लॅबला जातं, रिपोर्टला दिवस लागतात. २०२० मध्ये मुलांसाठी वेगळे निकष ठरले ते याचसाठी, की लक्षणं, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख आणि बाकीच्या तपासण्यांवरून संशय पक्का वाटला तर रिपोर्टची वाट बघत बसू नये, उपचार सुरू करावेत.

उपचार म्हणजे आधी सलाइनमधून स्टेरॉइड तीन ते पाच दिवस. मग आयव्हीआयजी, हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या केलेल्या अँटिबॉडी, ज्या मुलाच्या चुकार अँटिबॉडींना निष्प्रभ करायला मदत करतात. किलोमागे साधारण दोन ग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या पोराला चाळीस ग्रॅम, फार महाग. हे औषध या कामाला आलं तेही एका लहान मुलामुळे, स्वित्झर्लंडमध्ये १९८१ च्या सुमारास पॉल इम्बाख यांनी प्लेटलेट कमी झालेल्या मुलाला दिलं आणि प्लेटलेट वाढल्या. यानेही भागलं नाही तर रिटुक्सिमॅब, मुळात कॅन्सरसाठीचं, अँटिबॉडीच्या कारखान्याच्या मुळाशी जाणारं.

आईबापांनी करायची एक गोष्ट मात्र फुकट आहे. मूल विचित्र वागतंय, हात उडतोय, तोंड हलतंय तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, ओपीडीत गेल्यावर मूल हमखास शांत बसतं. आणि पहिला बदल कधी दिसला ती तारीख लिहा, दोन-चार महिन्यांत घसा दुखला होता का, ताप आला होता का, तेही. चार दिवसांपूर्वीपर्यंत नीट बोलणारं मूल बोलत नसेल तर ते हट्ट करतंय असं धरून चालू नका.

ती वाडीतली पोर पाच-सहा महिन्यांत बरी झाली, अक्षर परत आलं. पण तोच स्ट्रेप्टोकोकसचा घसा हृदयाच्या झडपाही खराब करू शकतो, म्हणून तो पुन्हा धरू नये यासाठी तिला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन कित्येक वर्षं चालू होतं. आई कॅलेंडरवर तारखांना गोल करून ठेवायची, आणि त्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने तिला घेऊन निघायची.