बोर्ड मेला नाही, वाटेत अडकलाय

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीतला अकरावीचा मुलगा तळहाताएवढा एआरएम बोर्ड, म्हणजे मोबाइलसारखा प्रोसेसर असलेला एका पाटीवरचा छोटा संगणक, घेऊन आला. "काका, अपडेट टाकलं आणि हा मेला." लाल दिवा लागतोय, पडदा मात्र काळा. एका दुकानदाराने सांगितलं, चिप जळली, नवा घे. आजी म्हणाल्या, अमावस्येला कशाला करायचं असलं काही! पुरावा दोघांकडेही नव्हता, पण आजी निदान पैसे तरी मागत नव्हत्या.

घरच्या पीसीत मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये सुरुवातीचा प्रोग्राम बसलेला असतो. अशा बऱ्याच स्वस्त बोर्डांवर तो मेमरी कार्डावर असतो, आणि इथेच गंमत आहे. वीज आली की प्रोसेसरला फक्त स्वतःच्या पोटातला, कारखान्यात कोरलेला छोटा रॉम दिसतो. मोठी रॅम सोल्डर केलेली असते, पण निरुपयोगी. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे गळकं कपॅसिटर. साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरलं नाही तर विसरणार. ते भरणारा कंट्रोलर आधी जुळवावा लागतो, तारांवरची वेळ नॅनोसेकंदाच्याही अंशांत साधावी लागते. ते करणारा प्रोग्राम ठेवायचा कुठे? रॅम तर अजून तयारच नाही!

मुंबईकराला हे समजवायला वेळ लागत नाही. जुनी चाळ पाडली, टॉवर उभा राहतोय, तोवर मुक्काम संक्रमण शिबिरात. चिपच्या आतली, जुळवाजुळव न करता लगेच चालणारी चिमुकली मेमरी, एसरॅम, हे ते शिबिर. ऑलविनर कंपनीच्या एच५ चिपमध्ये रॉम कार्डाच्या सुरुवातीपासून ८ किलोबाइट सोडून पुढे बघतो आणि तिथला जास्तीत जास्त ३२ किलोबाइटचा एसपीएल नावाचा पहिला छोटा प्रोग्राम या खोलीत आणतो. एसपीएल रॅम जुळवतो, मग यू-बूट हा संगणक सुरू करून देणारा पूर्ण प्रोग्राम ऐसपैस रॅममध्ये राहायला येतो, आणि तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, व डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय याची यादी, उचलतो. ८ किलोबाइटनंतरची ती एसपीएलची जागा कुठल्याच फोल्डरात दिसत नाही. म्हणून सगळ्या फाइली नव्या कार्डावर कॉपी करूनही बोर्ड ढिम्म राहतो आणि लोक कार्डाला शिव्या घालतात.

आमच्या बोर्डावर एच५च होती. साखळी कुठे तुटली ते पडदा सांगत नाही, बोर्डाचे संदेश अक्षरांत लॅपटॉपवर आणणारी सिरीयल तार सांगते. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, यूएसबी-टू-सिरीयल अडॅप्टर सहज मिळतो, ३.३ व्होल्टचाच घ्यायचा, ५ व्होल्टने पिन खरंच जळू शकते. ग्राउंड ग्राउंडला, टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (ऐकणारी), आरएक्स टीएक्सला. वेग सेकंदाला ११५२०० बिट ठेवून प्लग लावला, तर मेलेला बोर्ड घडाघडा बोलू लागला. एसपीएलने नाव सांगितलं, रॅम ५१२ एमबी मोजली, यू-बूटने कार्डही वाचलं. पुढची ओळ: "बॅड लिनक्स एआरएम६४ इमेज मॅजिक!"

मॅजिक म्हणजे फाइलीची ओळख पटवणारा शिक्का. एआरएम६४ कर्नलच्या फाइलीत सुरुवातीपासून ५६ बाइट सोडून पुढच्या चार बाइटांत ए, आर, एम आणि हेक्साडेसिमल ६४ लिहिलेलं असतं. (हा ६४ आस्की या अक्षरांच्या आकडेतक्त्यात इंग्रजी डी होतो, म्हणून फाइल उघडली की तिथे 'एआरएमडी' दिसतं. असल्या खोड्यांवर माझा जीव आहे.) तो शिक्का नसेल तर यू-बूट पुढे जात नाही.

कार्ड लिनक्सच्या लॅपटॉपला लावलं. बूट फोल्डरात नव्या कर्नलची फाइल होती, आकार शून्य बाइट. फाइलीचं नाव नोंदलं गेलं, मजकूर मेमरीतून कार्डावर उतरायच्या आत वीज गेली की असं होतं. विचारल्यावर कळलं, आईला मिक्सर लावायचा होता, तिने प्लग काढला.

जुना कर्नल शेजारीच शाबूत होता. यू-बूटला कर्नल दाखवणारी लिंक त्याच्याकडे वळवली, मेमरीतलं सगळं कार्डावर उतरवणारी 'सिंक' आज्ञा दिली, कार्ड नीट अनमाउंट करून परत बसवलं. यावेळी लॉगिन आलं. मग कर्नलचं पॅकेज पुन्हा बसवून घेतलं, आणि तेवढा वेळ तो पोरगा प्लगवर हात ठेवून उभा होता.